ताईच्या उमेदवारीची खरीखुरी हकीगत

तीर्थरूप मामी,

तुमच्या भोंग्याचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे प्रत्यक्षात वाकलेलो नाही, पण कागदावर पुरता वाकलो आहे असं समजावं.) तुमचे डोळे आता कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यापासून सगळं लख्ख दिसतं आणि त्यात मामाही लख्ख दिसायला लागले, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. मामांना म्हणावं, धीर धरा, काही महिन्यांत सवय होते. त्यांच्या खोकल्याला उतार पडला असेलच. इकडे आम्ही सगळे मजेत. सौ. मजेत आहे, मुलगी परीक्षेच्या अभ्यासात आहे, म्हणजे तीही फोनवर मजेत आहे. मी अजून बसस्थानकातल्या त्याच काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगतो, आणि प्रवासी अजून ते नीट ऐकून घेऊन दुसऱ्याच फलाटावर जाऊन उभे राहतात.

पत्र लिहायला कारण तसं काही नाही. मागायचं तर काहीच नाही. फक्त एक बातमी कळवायची आहे, आणि ती कोण्या परक्याच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी घरच्याने सांगितलेली बरी. मामी, जिला तुम्ही तुमच्या शाळेत पहिली अक्षरं आणि पहिल्या खुणा शिकवल्या, जी तुमच्या वर्गात खिडकीपाशी बसायची आणि बाहेरच्या माणसांचे ओठ वाचून त्यांची भांडणं तुम्हाला पाटीवर लिहून दाखवायची, ती माझी ताई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. (हे वाचायच्या आधी बसून घ्या असं मी वरच लिहायला हवं होतं. आता बसा.)

झालं ते असं. औषधाच्या दुकानाच्या पायरीला लागून फुटपाथवर ताईचं शिलाई मशीन असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. विजारीची लांबी कमी कर, उसवलेला खिसा शिव, पिशवीची चेन बदल, अशी कामं. सगळा बाजार तिला मशीनताई म्हणतो. तिच्या शेजारी वजनकाटेवाले आजोबा बसतात. आजोबांना दिसत नाही, त्यामुळे काट्यावर उभं राहणारा माणूस स्वतःच आकडा वाचतो आणि आजोबांना मोठ्याने सांगताना थोडा कमी करून सांगतो. आजोबांना ते आवाजावरून कळतं आणि ते "छान, छान" म्हणतात, म्हणून त्यांचा धंदा बरा चालतो. तर एके सकाळी नगरपालिकेची गाडी कर्णा लावून रस्त्याने गेली. दुपारी फुटपाथ मोकळा करण्यात येणार आहे, सर्वांनी आपापलं सामान हलवावं. (सांगणाऱ्याचा आवाज नाकातला होता असं मला नंतर कळलं. आमच्या धंद्यात अशा माणसाला फलाटावर झाडू मारायलाही घेत नाहीत.) ताईची पाठ रस्त्याकडे. भाजीवालीला वाटलं आजोबा तिला सांगतील, आजोबांना वाटलं भाजीवाली सांगेल. शेवटी आजोबांनीच ताईला सांगायचं म्हणून जोरजोरात हात हलवले, पण दिसत नसल्यामुळे ते औषधवाल्याकडे तोंड करून हलवले. औषधवाल्यानेही काउंटरवरून त्यांना प्रेमाने हात केला. तेवढ्यात ट्रक आला.

सगळे निघून गेले होते, राहिले फक्त हे दोघे. एकीला ऐकू आलं नव्हतं, आणि दुसऱ्याला ऐकू आलं तरी लोखंडी काटा उचलून कुठे न्यायचा ते दिसत नव्हतं. कामगारांनी मशीन उचललं, ट्रकवर टाकलं. ताईने एक शब्द काढला नाही. (ती कधीच काढत नाही, पण या वेळी न काढलेला शब्द फार मोठा होता असं औषधवाला सांगतो.) तिने मागचं फळकूट धरलं, ट्रकवर चढली आणि मशीनसमोर आपल्या स्टुलावर जाऊन बसली. मग खाली वाकून आजोबांना हात देऊन वर घेतलं. कामगारांना कोणी काही सांगितलं नव्हतं, की ट्रकमध्ये माणसं असली तर काय करायचं. त्यांनी ट्रक तसाच नेला. भर बाजारातून ताई मशीनवर हात ठेवून, आजोबा काट्यावर बसून, असे दोघे नगरपालिकेत गेले. ज्यांनी पाहिलं ते म्हणतात, मिरवणूक निघाल्यासारखं दिसत होतं.

तिथल्या साहेबाने त्यांना बघून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की रीतसर पुकारा केला होता. ताईने कागदावर लिहिलं, "कोणाला?" साहेब म्हणाले, सर्वांना, गाडी फिरवून, कर्ण्यावरून. ताईने त्या शब्दाखाली एक रेघ मारली. साहेबांनी आणखी समजावलं. ताईने दुसरी रेघ मारली. साहेब माणूस वाईट नव्हता, मामी. त्याने त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं, मशीन आणि काटा सोडून दिला आणि म्हणाला, असं काही सुचवायचं असेल तर तुमच्या वॉर्डाच्या सभासदांना भेटा.

आमचे सभासद म्हणजे वकीलसाहेब. फार गोड माणूस. आवाज असा की तापलेल्या दुधावर साय धरावी. (मी त्यांना एकदा म्हणालोही होतो की तुम्ही वकिली सोडून आमच्याकडे या, गाडी चुकलेल्या लोकांनाही बरं वाटेल.) ताई त्यांच्याकडे गेली, सोबत मी दुभाषा म्हणून. वकीलसाहेबांनी सगळं ऐकलं, म्हणजे माझ्याकडे बघत ऐकलं. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले, ताईच्या डोक्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि मला म्हणाले, "यांना म्हणावं, काळजी करू नका, आम्ही आहोत ना." ताई पन्नाशीला आली आहे, मामी. केस पांढरे झाले आहेत. तिने मान वर करून आधी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी "काळजी करू नका" ची खूण करायला हात उचलला आणि तिची नजर बघून तो खिशात घातला.

घरी आल्यावर चहा झाला, आणि ताईने खूण केली, मी उभी राहते. मी म्हटलं, राहा की, बसून बसून पाठ अवघडली असेल. तिने कपाळाला हात लावला आणि "नगरपालिका" ची खूण केली. मी हसलो. सौ. हसली नाही. (बायकांना अशा गोष्टी आधी कळतात, आणि आधी कळल्या तरी त्या आपल्याला सांगत नाहीत.) मी ताईला हरतऱ्हेने समजावलं. लोक काय म्हणतील, सभेत कसं बोलशील, समोरचा काय म्हणतो ते कसं कळेल. तिने सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि मग जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहितो, माझ्या पदरची भर न घालता. ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही, ही माझी गोष्ट. कोणाला सांगायचं ते त्यांना कळत नाही, ही त्यांची. माझी बरी होणार नाही. त्यांची होईल." मग बोटांवर मोजून तिने एकेकाला उभं केलं. आजोबा. सकाळी रस्ते झाडणाऱ्या बाया, ज्यांना पगार वाढल्याचं आणि कापल्याचं दोन्ही नंतर कळतं. हातगाडीवाले, ज्यांना नोटीस वाचता येत नाही. बँकेचा एका पायाचा वॉचमन, ज्याला नगरपालिकेचा जिना चढता येत नाही. बोटं संपली तेव्हा तिने माझी बोटं घेतली. मी गप्प बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसला, यावरून तुम्ही काय ते ओळखा.

अर्ज भरला. मग निशाणी वाटायचा दिवस आला. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हार्डवेअरवाल्यांना (हे दर निवडणुकीला उभे राहतात, सवय मोडू नये म्हणून) शिडी मिळाली, वकीलसाहेबांना दिवा आधीपासूनच होता, आणि ताईच्या हाताला लागली शिट्टी. खोलीत असा काही अवघडलेपणा पसरला की सांगता सोय नाही. निवडणूक अधिकारी खोकले, चष्मा पुसला आणि मला हळूच म्हणाले की यांना बदलून द्यायला आमची हरकत नाही, छत्री शिल्लक आहे. ताईने त्यांचे ओठ वाचले. तिने शिट्टीचं ते चित्र उचलून घेतलं, निरखून पाहिलं आणि मला सांगितलं, याला विचार, बाकीच्यांना ऐकू येते ना? अधिकारी म्हणाले, हो. ताई म्हणाली, मग झालं.

आता माझ्या कामगिरीविषयी लिहितो. ताईचा आवाज मी व्हायचं, असं ठरलं होतं. मी रजा टाकली, कोट शिवला (तिनेच शिवला), घसा शेकला आणि पहिल्या कोपरासभेला माईक हातात घेतला. तुम्ही ताईला ओळखता, ती एका वाक्यात बोलते. तिने खूण केली, पाण्याच्या टाकीजवळच्या गटारावर झाकण नाही. मामी, एवढ्या एका वाक्यासाठी इतकी माणसं उन्हात उभी करायची हे माझ्या मनाला पटेना. मी त्या झाकणावर थोडं बोललो. झाकण म्हणजे काय, झाकण नसलेलं आयुष्य म्हणजे काय, इथून मी आमच्या लहानपणावर गेलो, तिथून आईच्या आजारपणावर, आणि मग आईने डोळे मिटण्यापूर्वी ताईचा हात माझ्या हातात कसा दिला त्यावर. (तेव्हा मी बाहेरगावी होतो हे तुम्हाला माहीत आहे, पण सभेला माहीत नव्हतं.) ताईचे हात केव्हाच खाली आले होते. ती लोकांकडे बघत होती. समोरच्या रांगेतली एक बाई हुंदके देऊन रडत होती. ताईने माझी बाही ओढून विचारलं, ही गटारासाठी एवढी का रडते?

त्या संध्याकाळी मला कामावरून काढण्यात आलं. भांडण नाही, आदळआपट नाही. तिने माझ्या नावाची खूण केली, जी तुमच्या माहितीची आहे, तोंडाशी हात धरून बदकाच्या चोचीसारखा उघडायचा मिटायचा, आणि मग ती चोच दुसऱ्या हाताने हळूच मिटून टाकली.

माझ्या जागी आली मुकादम बाई. ही झाडूवाल्या बायांची मुकादम, आवाज घोगरा, शिक्षण बेताचं. मला वाटलं, हिला खुणा काय कळणार? घरात मी एकटाच ताईचं बोलणं जाणतो, ताईला जगाशी जोडणारी दोरी म्हणजे मी, असं मी आजवर मानत आलो होतो, आणि ताईनेही ते माझ्या समाधानासाठी मोडून काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रचारफेरी बाजारातून निघाली. मी मागे पत्रकांची पिशवी घेऊन. पाहतो तर काय, मामी, भाजीवाली टोपलीआडून ताईला खुणेने विचारते आहे की माझ्या झग्याची बाही झाली का. हातगाडीवाला चालता चालता हातानेच सांगतो की पुढच्या वळणावर खड्डा आहे, जपून. वॉचमन कुबडी काखेत दाबून मोकळ्या हाताने तिला काहीतरी असं सांगतो की दोघं पोट धरून हसतात, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. वर्षानुवर्षं ही माणसं फाटके खिसे आणि तुटक्या चेनी घेऊन तिच्यापुढे उभी राहत आली, आणि उभी राहता राहता तिची भाषा शिकली. कोणी शिकवली नाही, कोणी शाळा काढली नाही. काही खुणा तुमच्या शाळेतल्या, काही बाजाराने स्वतः बनवलेल्या. "उधार" ची खूण तर इतकी सुरेख आहे, नुसता खांदा किंचित वर, की ती बघून समोरचा रागावूच शकत नाही. मी पत्रकांची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. स्वतःच्या घरात माणूस इतकी वर्षं राहावा आणि एक दिवस त्याला कळावं की भिंतीपलीकडे आणखी एक मोठं दालन आहे, दिवे लागलेत, माणसं बसली आहेत, आणि त्यातली सगळी आपल्या बहिणीला ओळखतात, तसं मला झालं.

मुकादम बाईचं दुभाषेपण मात्र भयंकर होतं. ताई म्हणाली झाकण नाही, की बाई माईकवर म्हणायची, "झाकण नाही म्हणते." संपलं. शब्दांना अलंकार नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी मनात हळहळत होतो. पण लोक ऐकायचे, माना हलवायचे आणि घरी जाताना एकमेकांना विचारायचे की खरंच, ते झाकण कधीपासून नाही?

शिट्टीचं प्रकरण वेगळंच गाजलं. वॉर्डातल्या प्रत्येकाने शिट्टी विकत घेतली किंवा दोन बोटं तोंडात घातली. गल्लीत शिट्ट्या, जिन्यात शिट्ट्या, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेल्या माणसाची शिट्टी. शेवटी वकीलसाहेबांच्या बाजूने तक्रार गेली आणि पोलीस ठाण्यातून ताईच्या नावाने नोटीस आली, की आपल्यामुळे परिसरात असह्य आवाज होत असून नागरिकांच्या कानांना त्रास होत आहे. ताईने ती नोटीस वाचली, पुन्हा वाचली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने मला विचारलं, माझा आवाज? मी म्हटलं, हो, तुझाच. तिने ती नोटीस फ्रेम करून मशीनच्या वर टांगली आहे. नोटीस घेऊन आलेल्या हवालदाराने गणवेशाचं बटण तिथेच लावून घेतलं आणि जाताना, सवयीने असेल, शिट्टी वाजवली.

आता खरी गोष्ट. मतदानाआधीच्या रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा झाली. बाकं हलवून खुर्च्या मांडल्या होत्या, फळ्यावर आदल्या दिवशीचं भूगोलाचं गणित तसंच होतं. (गणित भूगोलाचं कसं, हे मलाही कळलं नाही, पण फळ्यावर होतं.) व्यासपीठाच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला वकीलसाहेब, मध्ये हार्डवेअरवाले. वकीलसाहेब आधी बोलले आणि फार सुंदर बोलले. ताईविषयीही चांगलं बोलले, धैर्य वगैरे. टाळ्या पडल्या. खाली बसल्यावर त्यांनी मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे मान वळवली आणि काही पुटपुटले. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही.

ताई उठली. मुकादम बाईने माईक धरला आणि त्या घोगऱ्या आवाजात, जणू भाजीचा भाव सांगावा तसं, सांगायला लागली. "ती म्हणते, वकीलसाहेब आत्ता त्यांच्या माणसाला म्हणाले, बाई चांगली आहे, पण निवडून आली तर हिच्याशी बोलणार कोण?"

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. ते उठायला लागले, माफी मागणार असावेत. ताईने त्यांना हातानेच बसा म्हटलं, अगदी सौम्यपणे. "ती म्हणते, प्रश्न चांगला आहे. माईकवरून विचारायला हवा होता. तुम्ही नाही विचारला म्हणून मी विचारते." मग ताईने आमच्याकडे तोंड केलं आणि हात पसरले. "ती म्हणते, इथे माझ्याशी कोण बोलतं?"

थोडा वेळ कोणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मी उठून काहीतरी बोलणार होतो, मामी, नक्की बोलणार होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून भाजीवाली उठली. तिला शंभर माणसांसमोर उभं राहायची सवय नाही. ती लाजली आणि तिला जे सुचलं ते तिने हातांनी विचारलं, की बाही लांब झाली आहे, थोडी कमी करशील का? ताईने व्यासपीठावरून उत्तर दिलं, उद्या आण. मग हातगाडीवाला उठला. त्याची चेन. मग वॉचमन कुबडीवर उभा राहिला. मग झाडूवाल्या बाया एकामागून एक, कोणी पगाराचं विचारलं, कोणी मुलीच्या शाळेचं, कोणी नुसतं विचारलं की सकाळपासून काही खाल्लंस का. औषधवाला, जो कधी आजोबांच्या हातवाऱ्यांना हात करून बसला होता, तोही उठला आणि अगदी चुकीच्या खुणेने काहीतरी म्हणाला, आणि ताईने ती खूण दुरुस्त करून दाखवून मग उत्तर दिलं. सगळं सभागृह हातांनी भरून गेलं. शब्द एक नाही. कोणी घोषणा दिली नाही, कोणी निवडणुकीचं नावही काढलं नाही. बाही, चेन, पगार, जेवण. आणि ताई त्या सगळ्यांना एकेक करून उत्तर देत होती, घाई नाही, चूक नाही, जणू मशीनवर बसून एका टाक्यापुढे दुसरा टाका घालते आहे.

मी आयुष्यभर आवाजावर जगलेला माणूस. मला कळेना की या शांततेला काय म्हणायचं. शेजारचे अनोळखी गृहस्थ, वकीलसाहेबांचा दिवा छातीवर लावलेले, हळूच मला विचारत होते की "नमस्कार" कसा करायचा.

त्यात वजनकाटेवाले आजोबा पहिल्या रांगेत बसलेले. त्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते अस्वस्थ झाले आणि मोठ्याने विचारू लागले, "काय झालं? सगळे गप्प का बसलेत?" ताई व्यासपीठावरून उतरली, त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली, त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने लिहिलं. ते दोघं असंच बोलतात, आजोबा बोलतात ते ती ओठांवरून घेते, ती म्हणते ते आजोबा तळहातावर घेतात. आजोबांनी ते अक्षर अक्षर लावलं आणि मग सगळ्यांना सांगितलं.

"म्हणते, सगळे बोलतायत."

यापुढे लिहिण्यासारखं फारसं नाही. हार्डवेअरवाल्यांनी तिथल्या तिथे भाषण करायचं नाकारलं आणि शिडी ताईला देऊन टाकायला निघाले, अधिकाऱ्यांनी नियम दाखवला म्हणून राहिलं. वकीलसाहेब उरलेल्या दिवसांत तोंडासमोर कागद धरून बोलायला लागले, त्यामुळे लोकांना वाटलं ते काही लपवतात. खरं तर बिचारे आपल्या बायकोला भाजी काय आणू एवढंच विचारत असायचे. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ शिट्टी वाजवायला बंदी होती. लोक केंद्रासमोरून ओठांचा चंबू करून, आवाज न काढता, अगदी गंभीर चेहऱ्याने जात होते. पोलिसांनी पुस्तक उघडून कलम शोधलं, सापडलं नाही. रांगेत ताई आपल्या वेळी आपल्या जागी उभी होती, कोणाच्या आधी नाही, कोणाच्या नंतर नाही.

असो. शाई संपत आली आणि शेजारी दिवा मालवायची खूण सौ. करते आहे (तीही शिकते आहे, आणि मला वाटतं माझ्याविरुद्ध वापरायला). मामांना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा, कंबर सांभाळून. डोळ्यांना जपा, आणि मामांकडे फार बारकाईने बघू नका.

तुमचा आज्ञाधारक,
भोंगा

ता. क. सौ. ने पत्र वाचून विचारलं की निकाल कुठे आहे. तो लिहायचा राहिला. ताई निवडून आली. फरक फार नव्हता, पण होता. वकीलसाहेब घरी आले, कागद बाजूला ठेवून उघड्या तोंडाने अभिनंदन केलं, आणि ताईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दोनदा थोपटलं. ते हसले, मग जरा वेळाने त्यांना कळलं, मग आणखी हसले. नगरपालिकेच्या सभागृहात तिने अशी जागा मागून घेतली आहे की तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. तेव्हापासून सभासदांनी बैठकीत आपसात कुजबुजणं सोडलं आहे आणि बैठका वेळेत संपतात. पहिला ठराव तिचा. फुटपाथ मोकळा करायचा असेल तर नगरपालिकेच्या माणसाने प्रत्येकासमोर जाऊन, तोंडाकडे बघून, समजलं का असं विचारायचं. गाडी फिरवणाऱ्या त्या नाकातल्या आवाजाला आता पायी फिरावं लागतं.

ता. क. २. मागायचं काही नाही असं वर लिहिलं आहे, ते तेव्हा खरं होतं. नगरपालिकेने ताईसाठी कायमचा दुभाषा नेमायचं ठरवलं. मुकादम बाईला आपल्या बायांना सोडायचं नाही. तेव्हा मी बसस्थानकात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की जागा आपल्या घरातच आली आहे, त्यांनी मला निरोप दिला, फोटोही काढला. मग परीक्षा झाली. मी नापास झालो. खुणा बरोबर आहेत असं परीक्षकांनी लिहिलं आहे. पुढे लिहिलं आहे, "परंतु उमेदवार जे सांगितलेलं नाही तेही सांगतो." दोन महिन्यांनी परत बसता येतं. तुम्ही इकडे येऊन राहाल का? मामांनाही आणा. मला नव्याने खुणा शिकवायला नकोत, त्या येतात. मला थांबायला शिकवा. हे फक्त तुम्हालाच जमेल, कारण शाळेत मला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या पहिल्या तुम्ही.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी ताईने हे पत्र सगळं वाचलं. ती म्हणते, मामीला पाठवायच्या आधी यातलं निम्मं खोड. कोणतं निम्मं ते तिने सांगितलं नाही, म्हणून सगळंच पाठवतो.